नमदा

ओसरीवर पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर गेला आठवडाभर काही पट्ट्या पडून आहेत. बोटभर रुंदीच्या, काही हातभर लांब तर काही त्याहून आखूड; एका अंगाला गंजून तांबूस झालेला पातळ पत्रा आणि दुसऱ्या अंगाला, जिथे तो अद्याप उरला आहे तिथे, काळपट करड्या लोकरीचा थर. आज सकाळी केर काढता काढता बाईंनी हातातला झाडू थांबवून "हे टाकायचं ना?" असे विचारले. त्यांच्या विचारण्यात वावगे काहीच नव्हते. पण मी इतक्या तातडीने "नको, राहू द्या" म्हणालो की त्यांनी क्षणभर माझ्याकडे आणि क्षणभर त्या पट्ट्यांकडे पाहिले, आणि वर्तमानपत्राच्या कडेकडेने झाडू फिरवून त्या पुढे गेल्या.

वडिलांच्या मोटारीच्या पुढच्या दोन दरवाजांतून त्या पट्ट्या निघाल्या आहेत. दरवाजाचे तावदान ज्या खाचेतून वर-खाली सरकते, त्या खाचेचे हे अस्तर. कारागीर खाचेला चॅनेल म्हणतात आणि अस्तराला फेल्ट. काच कठीण आणि लोखंडही कठीण. दोघांना एकमेकांच्या इतके निकट राहावयाचे असते की वाऱ्याची शीळ आत येऊ नये, आणि तरीही एकाने दुसऱ्यास ओरखडा काढू नये. हे दुहेरी काम हा दीड-दोन सुतांचा मऊ थर वर्षानुवर्षे करीत असतो आणि ते करता करता स्वतः झिजून जातो. मोटारीची वाखाणणी करणाऱ्या असंख्य पाहुण्यांपैकी एकाचीही नजर कधी त्याच्याकडे गेलेली मला आठवत नाही.

मोटार १९६६ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट अकराशे. 'डिलाइट' या नावाने ती ओळखली जाई. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मूळ इटालियन मोटार प्रथम मांडली गेली, तेव्हा तिच्या यंत्राचे घनमान १०८९ सीसी होते, आणि सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने वर्षभरातच तिचे काम येथे हाती घेतले. त्या पहिल्या गुबगुबीत गाड्यांना मुंबईकरांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' हे नाव बहाल केले. आमची गाडी त्यानंतरच्या सरळ, चौकोनी बांध्याची. पुढच्या खिडकीला तिकोनी काचेचे छोटे गवाक्ष असलेली, जे फिरवून वाऱ्याचा झोत थेट छातीवर घेता येई. वडिलांनी ती १९७२ साली जुनी म्हणून घेतली. परवान्यांच्या त्या काळात नव्या मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागे, आणि तशी तयारी नसलेल्या माणसास जुन्या मोटारीसाठी कित्येकदा नवीपेक्षा अधिक किंमत मोजावी लागे. वडील पाटबंधारे खात्यात होते. दौऱ्यासाठी सरकारी जीप असे. परंतु तिची चाके खासगी कामासाठी एक फर्लांगही फिरू नयेत असा त्यांचा कटाक्ष होता, आणि म्हणून पदरमोड करून त्यांनी ही मोटार घेतली. ते दुष्काळाचे वर्ष होते. रस्त्यांच्या कडेला खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा, आणि त्या रांगांवरून सावकाश उडत जाणारी धूळ, हे मी त्याच मोटारीच्या मागच्या खिडकीतून पाहिले.

पुढे पुढे या तावदानांना आवाज फुटला. अस्तर झिजले की काच आपल्या खाचेत सैल होते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर ती लोखंडावर आपटू लागते: एक बारीक, कोरडी, घाईची खडखड. आमच्या घराकडे वळणारा रस्ता तेव्हा मुरमाचा होता. वळणावर ती खडखड सुरू झाली की इंजिनाचा आवाज ऐकू येण्याआधीच आई चुलीवर चहाचे आधण ठेवी, आणि मोटार दारात थांबून वडील पायांतले बूट काढीपर्यंत पाण्याला उकळी फुटलेली असे. त्या आवाजाला आम्ही कोणी बिघाड मानीत नव्हतो. तो घरातल्या वेळापत्रकाचा भाग होता. म्हणूनच, गेल्या पावसाळ्यात काच खाली पडू लागली आणि हाताने धरून वर ओढावी लागू लागली तेव्हा दरवाजे उघडून सारे अस्तर बदलण्याचा निर्णय मी घेतला खरा, पण तो घेतेवेळी मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी अडखळले, हे मला मान्य केले पाहिजे.

दरवाजा उघडणे म्हणजे त्याचे बिजागरीवर फिरणे नव्हे. काच फिरवण्याचे हँडल काढावयाचे, मग रेक्झिन चढवलेले पुठ्ठ्याचे पॅड त्याच्या टिकल्यांतून एकेक करून सोडवावयाचे, आणि ते बाजूला झाले की आतला पोकळ अंधार दिसू लागतो. इतकी वर्षे ज्या पॅडवर आपण निर्धास्तपणे गुडघा टेकवला त्याच्यामागे ही एवढी रिकामी जागा होती, हे पाहून मला नकळत दचकल्यासारखे झाले. काच उचलणाऱ्या यंत्राचे दाते, त्यांच्यावर वाळून घट्ट झालेले वंगण, आणि तळाशी साचलेली मातीची वीतभर लांब, बोटभर जाड वडी. मिस्त्रींनी ती स्क्रूड्रायव्हरने उकरली तेव्हा तिच्यातून एक चिंचोका निघाला. गुळगुळीत, तपकिरी, जसाच्या तसा. काच आणि पॅड यांच्यामधल्या फटीतून हाताला येईल ते आत सोडून त्याचा तळाशी पडल्याचा आवाज ऐकणे, हा लांबच्या प्रवासात माझा आणि बहिणीचा आवडता उद्योग असे. तो चिंचोका दोघांपैकी कोणाचा, याचा निवाडा आता होण्यासारखा नाही.

मोटारीचा दरवाजा पाण्याला पूर्णपणे अटकाव करील अशी त्याची रचनाच नसते. काचेवरून ओघळणारे पाणी दरवाजाच्या कमरेशी असलेल्या पट्टीपाशी बरेचसे अडते. राहिलेले काचेच्या अंगाने आत उतरते आणि तळाशी मुद्दाम ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडते. हे मला वडिलांनी सांगितले होते. "धरणाला सांडवा असतो ना, तशी ही भोकं," असे म्हणत ते दरवर्षी मृगाच्या आधी, लेंग्याचे पाय दुमडून, मोटारीशेजारी उकिडवे बसत आणि आईच्या विणकामाची एक जुनी सुई त्या भोकांतून फिरवीत. पाणी येणारच नाही अशा हमीवर त्यांचा भरवसा नव्हता. आलेल्या पाण्याला वाट काढून देणे एवढेच आपल्या हाती आहे, या समजुतीवर त्यांची सारी नोकरी झाली होती. ते गेल्यानंतर त्या सुईची मला एकदाही आठवण झाली नाही. भोके बुजली, पाणी आत राहिले, आणि डाव्या दरवाजाचा तळ असा कुजला की मिस्त्रींना तिथे नव्या पत्र्याचे ठिगळ डागावे लागले. त्या ठिगळावरून हात फिरवताना मला फार वाईट वाटले.

मग खाचा मोकळ्या झाल्या आणि जुने अस्तर बाहेर आले. ओसरीवरच्या उजेडात मी पट्ट्या ओळीने मांडल्या, आणि उजव्या दरवाजाची, म्हणजे वडिलांच्या बाजूची, मागची पट्टी हाती घेतली तेव्हा मला प्रथम असे वाटले की ती दोन निरनिराळ्या तुकड्यांची जोडलेली असावी. खालपासून बऱ्याच वरपर्यंत लोकर जवळजवळ नाहीशी झाली होती. काचेच्या कडेने घासून घासून आतला पत्रा चकाकत होता. आणि अगदी वरच्या टोकाला, जिथे काच पूर्ण बंद केल्यावरच पोहोचते तिथे, लोकर दाट होती. बोट फिरवले तर मखमलीसारखी लव एका अंगाला झुके आणि परत उभी राही. मी त्या दाट भागावर बोटे आडवी ठेवून पाहिली. बरोबर चार बोटे भरली.

वडील आपल्या बाजूचे तावदान कधीही पूर्ण बंद करीत नसत. थंडी असो की पाऊस, चार बोटांची फट राहिलीच पाहिजे. पावसाळ्यात त्यामुळे त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही नेहमी ओलसर असे आणि मागच्या आसनावर झोपेत कुडकुडणारे आम्ही दोघे एकमेकांना चिकटून बसत असू. "काचेवर वाफ धरते" हे कारण ते सांगत, आणि ते खरेही होते. पण नीरेच्या डाव्या कालव्याच्या बाजूने रात्रीचा प्रवास करीत असताना ते मोटारीचा वेग उतरवीत, मान किंचित उजवीकडे कलती करीत, आणि आई काही बोलत असली तर डावा हात हलकेच वर करीत, हे मी मागून अनेकदा पाहिले आहे. अंधारात पाणी दिसत नाही. चारीला पाणी सुटले आहे की नाही हे कानांनीच कळते. त्या चार बोटांच्या फटीतून ते रात्रीच्या मुलखाची हजेरी घेत असत. नोकरीच्या काळातल्या त्यांच्या रोजनिश्या माझ्याजवळ आहेत: मुक्काम, पाहणी, विसर्गाचे आकडे, कोणाची दरखास्त कोणत्या तारखेस आली आणि तिच्यावर कोणता शेरा मारला, असा सारा तपशील सुवाच्य अक्षरांत. मान कलती करून ऐकण्याची नोंद त्यांत कुठेही नाही. ती या लोकरीने ठेवली.

आईच्या बाजूची पट्टी निराळी निघाली. ती टोकापासून टोकापर्यंत सारखी झिजली होती, कुठे फार नाही, कुठे कमी नाही. कारण आईच्या हातातले हँडल कधी स्थिर राहिलेच नाही. समोरून एस.टी. धुरळा उडवीत आली की काच वर, ती गेली की काच खाली. खंबाटकीच्या घाटात डोके भणभणू लागले की खाली, पाठोपाठ थंडी वाजली की वर. कोणी ओळखीचे दिसले, पेरूवाली दिसली, देवळाचा कळस दिसला की पुन्हा खाली. त्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ बसून राहिलो. पन्नास वर्षांचा सहप्रवास त्यांच्यात होता.

फेल्ट हा शब्द आपल्याकडे मोटारीबरोबर आला असेल, पण ती वस्तू आपल्याला अपरिचित नव्हती. फारसीतून आलेला 'नमदा' हा शब्द तिच्यासाठी मराठीत जुनाच आहे. घोड्याच्या पाठीवर खोगीर चढवण्यापूर्वी जो जाड लोकरी थर घालीत, तो नमदा. खोगिराचे लाकूड आणि जनावराची कातडी यांच्यामध्ये त्याची जागा. म्हणजे तिथेही काम हेच. नमदा विणलेला नसतो. त्यात उभा धागा नाही, आडवा धागा नाही, माग नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ती ओली करून, ऊब देऊन, दाबून, मळून काढली की ते खवले एकमेकांत गुंततात आणि सुटे तंतू एकजीव होऊन त्यांचे वस्त्र बनते. अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक येथील गोठलेल्या थडग्यांमध्ये सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे रंगीत नमदे सापडले, आणि त्यांच्यावरचे घोडेस्वार अजून ओळखू येतात. पियानोच्या तारेवर पडणाऱ्या हातोडीच्या तोंडाला नमदाच असतो. तो नसता तर तारेतून नुसता लोखंडाचा आवाज निघाला असता. या सगळ्या ठिकाणी तो दोन कठीण वस्तूंच्या मधोमध असतो, आणि मधोमध असणाऱ्याच्या वाट्याला येते ती सारी झीज सोसतो.

आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचा मात्र नमदा न होता घोंगडे झाले. ते विणलेले असते, आणि विणून झाले की त्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे ते ताठ होते आणि पावसाचे पाणी अंगावरून ओघळून जाते. वडिलांनी दौऱ्यात घेतलेले एक काळे घोंगडे अजून ट्रंकेत आहे. जुनी लोकर हाती घेतली की नाकाला ओळखीचा वास येतो; त्या दिवशी पट्ट्यांना आला तोच घोंगड्याला येतो, असे मला वाटले, आणि मी ट्रंक उघडून खात्री करून घेतली.

नव्या अस्तरासाठी नाना पेठेतली दुकाने पालथी घातली. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. पद्मिनी हे आमच्या मोटारीचेच पुढचे नाव. तिच्या हजारो भगिनी रस्त्यावर होत्या तोवर त्यांच्या जोरावर आमच्याही मोटारीला लागेल तो जिन्नस मिळत असे, आणि त्या गेल्यावर बाजारातून तिचे नावच पुसले गेले. दुकानांतून रबराच्या नव्या पट्ट्या होत्या, आतून कृत्रिम तंतूंची लव लावलेल्या. मिस्त्रींचे मत त्यांच्याच बाजूने पडले.

"साहेब, लोकर पाणी पिते. रबर टाका, दहा वर्षं बघायला नको."

"पण मिस्त्री, मूळ होतं ते लोकरीचंच ना?"

"होतं. म्हणूनच गंजलं."

त्यांचे म्हणणे अगदी खरे होते, आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरील मोटार, तिचे मूळ स्वरूप कायम असल्यास, विंटेज म्हणून नोंदवता येते. क्रमांकाच्या पाटीवर 'व्हीए' अशी अक्षरे येतात आणि मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्या दरखास्तीचा नमुना मी घरी आणून ठेवला आहे आणि अद्याप भरलेला नाही. मूळ स्वरूप म्हणजे काय, हा प्रश्न मला त्या कागदापेक्षा या पट्ट्यांनी अधिक सतावला. सांगाड्याचे लोखंड मूळचे, यंत्र मूळचे. पण जे घातलेच होते झिजण्यासाठी आणि बदलण्यासाठी, त्याचे मूळपण कोणते? काढलेल्या पट्टीत वडील आहेत आणि नव्या पट्टीत कोणी नाही; तरी मोटार चालायची तर नवी पट्टी बसलीच पाहिजे. अखेर एका वयोवृद्ध दुकानदाराने शिडी लावून माळ्यावरून लोकरीच्या पट्टीचे एक धुळकट वेटोळे खाली काढले. मिस्त्रींनी ते हातात घेऊन दाबून पाहिले, वास घेतला, आणि त्यापुढे रबराचे नाव काढले नाही.

काल त्यांनी ते बसवले. खाचा तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइड लावून आधीच वाळवल्या होत्या. सोल्युशनचा हात फिरवून ते पट्टी आत सारीत आणि लाकडी पाचरीने तसूतसूने दाबीत जात. वळणापाशी पाचर खाली ठेवून नुसत्या अंगठ्याने, कारण तिथे लोकरीला चुणी पडली तर काच जन्मभर अडते. काचेच्या खालच्या कडेशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून तिची बैठक घट्ट केली. मग, आई तान्ह्याचा हात झबल्याच्या बाहीत घालते तशी, काच तिरपी धरून त्यांनी आत उतरवली, शंखजिऱ्याची चिमूटभर पूड खाचेत फुंकली, आणि हँडल माझ्या हाती दिले. काच वर येऊ लागली. आवाज नव्हता, एक जाड, दबलेला श्वास सोडल्यासारखे काहीतरी होते. आणि वरच्या कडेपासून वीतभर खाली ती थांबली. मी जोर लावणार तोच मिस्त्रींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"जबरदस्ती नको. मशीनचे दाते जातील. आज आहे तिथंच राहू द्या, काच आपली जागा करून घेते."

संध्याकाळी आभाळ भरून आले. पहिले थेंब पडण्याआधी मी ट्रंकेतले घोंगडे आणून त्या उघड्या तावदानावरून दुहेरी टाकले, आणि ते वाऱ्याने सरकू नये म्हणून दुसऱ्या बाजूने आत शिरून त्याची कड धरून वडिलांच्या जागेवर बसलो. लोकरीचा आणि खळीचा वास अंधारात दाटला होता. पाऊस सुरू झाला, घोंगड्यावर त्याचा आवाज मऊ येत होता आणि छतावर कठीण. डावीकडच्या, आईच्या बाजूच्या काचेवरून पाणी ओघळत होते. मी मान थोडी कलती केली, आणि त्या दरवाजाच्या तळाच्या भोकांतून पाणी बाहेर पडू लागल्याचा आवाज येतो का, ते ऐकत राहिलो.